अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज: राहतं घर, भारतातली मालमत्ता आणि कामांचा क्रम

नोकरी गेली, क्रेडिट कार्डांवर साठ-सत्तर हजार डॉलर चढले, घराचे दोन हप्ते तुंबले. अशा वेळी आपल्यातला माणूस वकिलाकडे जायच्या आधीच तीन कामं उरकून टाकतो. नातेवाइकांचे उसने पैसे परत करतो, ४०१(के) (नोकरीतून साठवलेला निवृत्तीचा निधी) मोडून कार्डवाल्यांना गप्प करतो आणि गावाकडच्या जमिनीवरचा हक्क भावाच्या नावे सोडून मोकळा होतो. तिन्ही कामं चांगल्या मनाने केलेली असतात आणि तिन्ही पुढे महागात पडतात.

म्हणून इथे कामांचा क्रम महत्त्वाचा आहे. खाली दिलेले टप्पे त्याच क्रमाने वाचा. आकडे १ एप्रिल २०२५ पासून लागू असलेले आहेत. फेडरल कायद्यातले हे आकडे दर तीन वर्षांनी बदलतात. राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या राज्यातल्या वकिलाचा.

आधी दोन शंका मिटवू. हा अर्ज करायला अमेरिकेचं नागरिकत्व लागत नाही. इथे राहणारा किंवा इथे मालमत्ता असणारा माणूस अर्ज करू शकतो. एच-१बीवाला करू शकतो, ग्रीन कार्डवालाही. दिवाळखोरी हे व्हिसा नाकारण्याचं किंवा देशाबाहेर काढण्याचं स्वतंत्र कारणही नाही. अर्जात खोटं लिहिणं हा मात्र फेडरल गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि अशी शिक्षा इमिग्रेशनच्या फाइलवर नक्की उमटते.

## टप्पा १: आधी हात आवरा

हा टप्पा वकील शोधण्याच्याही आधीचा. "आता निभत नाही" हे कळल्या दिवसापासून पुढची कामं बंद.

कार्ड वापरणं बंद. अर्जाआधीच्या ९० दिवसांत एकाच कार्ड कंपनीकडून ९०० डॉलरपेक्षा जास्त चैनीची खरेदी केली असेल, किंवा ७० दिवसांत १,२५० डॉलरपेक्षा जास्त रोख उचल घेतली असेल, तर ते कर्ज फसवणुकीचं आहे असं कायदा धरून चालतो. तसं नाही हे पटवण्याचं ओझं तुमच्यावर येतं. किराणा, औषधं, गॅस चैनीत मोडत नाहीत. दिवाळीला भारतात जायची चार तिकिटं मोडू शकतात.

नातेवाइकांचे पैसे परत करणं बंद. साध्या कर्ज देणाऱ्याला अर्जाआधीच्या ९० दिवसांत दिलेली रक्कम ट्रस्टी (अर्ज तपासायला आणि मालमत्ता बघायला नेमलेला माणूस) तपासतो. नातेवाइकासाठी ही मुदत एक वर्षाची आहे. मेव्हण्याने अडीअडचणीला आठ हजार डॉलर दिले आणि तुम्ही सहा महिन्यांपूर्वी ते फेडले, तर ट्रस्टी थेट मेव्हण्याकडे ते पैसे मागू शकतो; गरज पडली तर त्याच्यावर दावाही लावू शकतो. ज्याने मदत केली त्याच्याच दारात नोटीस जाते. त्याला आज "थोडं थांब" म्हणणं पुष्कळ सोपं.

निवृत्तीच्या पैशाला हात नाही. नोकरीतल्या ४०१(के)मधले पैसे दिवाळखोरीत कर्ज देणाऱ्यांच्या हाती लागत नाहीत. आयआरएही (स्वतः उघडलेलं निवृत्तीचं खातं) फार मोठ्या रकमेपर्यंत सुरक्षित आहे. तेच पैसे काढून कार्डांवर भरले की सुरक्षित पैसा गेला, वर कर आणि दंड बसला, आणि जे कर्ज पुढे माफच होणार होतं त्याच्यावर तो खर्च झाला. सगळ्या चुकांमध्ये भरून न येणारी चूक हीच.

कशाचंही नाव बदलणं बंद. गाडी मुलाच्या नावावर, बचत आईच्या खात्यात, घराच्या डीडवरून स्वतःचं नाव काढणं, यातलं काहीही नको. अपुऱ्या मोबदल्यात केलेलं हस्तांतरण दोन वर्षं मागे जाऊन रद्द करता येतं, आणि बहुतेक राज्यांच्या कायद्यांचा आधार घेऊन साधारण चार वर्षं मागेही जाता येतं. लपवण्याच्या हेतूने गेल्या वर्षभरात केलं असेल तर कर्जमाफीच नाकारली जाऊ शकते.

> सावधान: यातलं काही आधीच करून बसला असाल तर घाईघाईने उलटं फिरवायला जाऊ नका. आधी वकिलाला सांगा. काही वेळा नुसतं थांबून मुदत जाऊ देणं पुरतं, काही वेळा व्यवहार मागे घ्यावा लागतो. कोणतं करायचं हे तारखांवर ठरतं.

कर्ज निम्म्यावर आणून देतो म्हणणाऱ्या सेटलमेंट कंपन्यांबद्दल एवढंच: फोनवर गिऱ्हाईक गाठणाऱ्या कंपन्यांना काम होण्याआधी शुल्क घ्यायला २०१० पासून बंदी आहे, तरी मागतात. शिवाय तडजोडीत सुटलेली रक्कम सहसा उत्पन्न धरून त्यावर कर लागतो. दिवाळखोरीत माफ झालेल्या कर्जावर तो लागत नाही.

## टप्पा २: कागद गोळा करा, भारतातले धरून

अमेरिकेतले कागद सोपे आहेत. अर्जाआधीच्या ६० दिवसांच्या पे-स्टब, कराची विवरणपत्रं, सगळ्या बँकांची स्टेटमेंटं, घराच्या आणि गाडीच्या कर्जाचे ताजे आकडे, तिन्ही ब्युरोंचे क्रेडिट रिपोर्ट. डॉक्टरांची बिलं आणि मित्राकडून घेतलेलं हातउसनं रिपोर्टमध्ये दिसत नाही. ते आठवून लिहा.

घोळ होतो तो भारतातल्या मालमत्तेत. कायद्याचे शब्द स्वच्छ आहेत: मालमत्ता कुठेही असो आणि कोणाच्याही ताब्यात असो, तिच्यातला तुमचा हक्क अर्जात आला पाहिजे. "ते तिकडचं आहे, इथे कशाला" असं म्हणून सोडून दिलेली ओळ हीच अर्ज बुडण्याची वाट.

एकेक प्रकार घेऊ.

स्वतःच्या नावावरचा फ्लॅट किंवा प्लॉट. रेडी रेकनरचा दर पुरत नाही, कारण अर्जात आजची बाजारभावाने किंमत लिहायची असते. नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल मागवा. फ्लॅटवर भारतातल्या बँकेचं कर्ज असेल तर शिल्लक रकमेचं पत्र घ्या. अर्जाच्या दिवसाच्या दराने डॉलर करा आणि तो दर टिपून ठेवा.

वडिलोपार्जित जमीन. इथे नीट बघा. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे हक्क नाही, असं नव्हे. फेरफार ही महसुली नोंद आहे, मालकी तिच्यामुळे येत नाही आणि तिच्यामुळे जात नाही. वडील वारले असतील आणि वारस नोंद व्हायची राहिली असेल तरी मुलामुलींचा हिस्सा उभा राहिलेला असतो. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाला जन्मतः हिस्सा असतोच, आणि २००५ च्या दुरुस्तीपासून मुलीलाही तो तसाच आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या, लग्न होऊन वीस वर्षं झालेल्या मुलीलाही. हा हिस्सा लिहायचा, वाटणी झालेली नाही हे लिहायचं, भाऊ-बहिणी किती ते लिहायचं. विकायला अवघड असलेल्या अविभक्त हिश्श्याची किंमत कमी धरता येते, पण तो आकडा कागदावर समजावून सांगावा लागतो. शून्य लिहून चालत नाही.

वडील हयात असतील आणि मिळकत त्यांची स्वकष्टार्जित असेल, तर आज तुमचा त्यात हक्क नाही.

हक्कसोडपत्र. हे वेगळं सांगायला हवं, कारण अर्जाच्या प्रश्नावलीत ते बहुतेकांना आठवतच नाही. गावाकडून भावाचा फोन येतो, "ताई, जमिनीचं काम अडलंय, एक सही लागेल." ताई वकिलातीत जाऊन कागदावर सही करते, कुरिअरने पाठवते, विसरून जाते. घरात हा जिव्हाळ्याचा विषय. बहिणीने हिस्सा मागणं बरं दिसत नाही, म्हणून एक रुपया न घेता सही झालेली असते. अमेरिकन ट्रस्टीच्या नजरेत मात्र हे कर्जात असताना बिनमोबदला दिलेल्या मालमत्तेचं हस्तांतरण आहे. दोन वर्षांच्या आतलं असेल तर आर्थिक व्यवहारांच्या विवरणात ते लिहावंच लागतं. लिहिलं म्हणजे अर्ज संपला असं नाही. लपवलं आणि सापडलं तर मात्र कठीण.

बँक खाती, पीपीएफ, एलआयसी, लॉकर. एनआरई, एनआरओ, मुदत ठेवी, पीपीएफ, पॉलिसीची आजची सरेंडर किंमत, लॉकरमधलं सोनं, सगळं यादीत. ४०१(के)ला मिळणारं संरक्षण पीपीएफला आपोआप मिळेल असं गृहीत धरू नका.

आईबरोबरचं जॉइंट खातं. पेन्शन आईची, नाव सोयीसाठी तुमचं. तरी लिहायचं. पैसा आईचा आहे हे दाखवायला पेन्शन जमा होत असल्याचं पासबुक लागेल. फ्लॅटवर नुसतं नॉमिनी म्हणून नाव असेल तर वकिलाला तसं सांगा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, पण तुम्ही वारसही असाल तर प्रश्न वेगळा होतो.

> तपासा: भारतातल्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरवर गेली असेल तर एफबार (परदेशी खात्यांची माहिती अमेरिकन सरकारला देणारा फॉर्म) भरायला हवा होता. तो भरला नसेल आणि आता तीच खाती अर्जात येणार असतील, तर अर्जाआधी कर सल्लागाराशी बोला. एका सरकारी कागदावर खातं आहे आणि दुसऱ्यावर नाही, ही विसंगती नंतर निस्तरणं अवघड.

## टप्पा ३: सात की तेरा

चॅप्टर ७ (म्हणजे दिवाळखोरी कायद्याचं प्रकरण ७, तसंच पुढे १३) मध्ये सुटीत, म्हणजे कायदा तुमच्याकडे ठेवू देतो त्या मर्यादेत, न बसणारी मालमत्ता ट्रस्टी विकतो आणि बिनतारणी कर्जं माफ होतात. साधारण चार महिन्यांचं काम. चॅप्टर १३ मध्ये मालमत्ता तुमच्याकडेच राहते आणि तीन ते पाच वर्षं ठरलेला हप्ता भरायचा असतो. शेवटी उरलेलं माफ होतं. १३ साठी नियमित उत्पन्न हवं. तारण नसलेलं कर्ज ५,२६,७०० डॉलरच्या आत आणि तारण असलेलं १५,८०,१२५ डॉलरच्या आत हवं.

७ च्या दारात मीन्स टेस्ट उभी असते. अर्ज ज्या महिन्यात करता त्याच्या आधीच्या पूर्ण सहा महिन्यांचं उत्पन्न घ्यायचं, त्यावरून वर्षाचं काढायचं आणि तुमच्या राज्यातल्या, तुमच्याएवढ्या कुटुंबाच्या मध्यम उत्पन्नाशी ताडायचं. घरात राहणाऱ्या जोडीदाराची कमाईही मोजली जाते, तो अर्जात नसला तरी. त्याच्या स्वतःच्या खर्चाची वजावट मिळते, पण सुरुवात पूर्ण आकड्यापासून होते. रक्कम मध्यम उत्पन्नाच्या वर गेली म्हणून ७ संपलं असं नाही. दुसऱ्या फॉर्मात घरकर्ज, कर, विमा यांच्या वजावटी आहेत.

लोक चुकतात ते तारखेत. समजा ३१ मार्चला नोकरी गेली, आणि नोकरी सोडतानाची भरपाई एप्रिलमध्ये हाती आली. मेमध्ये अर्ज केला तर नोव्हेंबर ते एप्रिल मोजले जातात, म्हणजे पाच महिन्यांचा पूर्ण पगार आणि वर भरपाई. नोव्हेंबरमध्ये केला तर मे ते ऑक्टोबर. त्याच माणसाचा निकाल वेगळा येतो. पगारातून जप्तीची कपात सुरू झाली नसेल किंवा घराचा लिलाव डोक्यावर नसेल तर चार-सहा महिने थांबण्यात पुष्कळदा शहाणपण असतं.

मीन्स टेस्टमध्ये बसता म्हणून ७ घ्यावं असंही नाही. पुढच्या परिस्थितीत १३ बरं:

- घराचे हप्ते थकलेत, पण घर सोडायचं नाही. थकबाकी पाच वर्षांत विभागून भरता येते. चालू हप्ता मात्र दर महिन्याला वेळेवर जायला हवा.
- भारतात किंवा इथे अशी मालमत्ता आहे जी सुटीत बसत नाही आणि गमवायची नाही.
- मित्र किंवा भाऊ तुमच्या घरगुती कर्जाला सहकर्जदार आहे. १३ मध्ये योजना चालू असेपर्यंत त्यालाही बरंचसं संरक्षण मिळतं. ७ मध्ये कर्ज देणारा दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे जाऊ शकतो.

दोन्हींत सुटत नाही ते: मुलांची पोटगी, जोडीदाराची पोटगी, अलीकडचे बहुतेक कर, फसवणुकीतून झालेलं कर्ज. शैक्षणिक कर्ज माफ करून घ्यायला वेगळा दावा करून असह्य हालअपेष्टा सिद्ध कराव्या लागतात.

## टप्पा ४: काय वाचतं त्याचा हिशेब

मालमत्तेची किंमत, वजा तिच्यावरचं कर्ज, म्हणजे तुमचा वाटा. त्यातून सूट वजा करायची. उरलं तेवढंच ट्रस्टीच्या कामाचं. घर चार लाखांचं आणि कर्ज पावणेचार लाखांचं असेल तर विषय २५,००० चा आहे.

फेडरल यादीत माणशी सूट अशी: राहत्या घरात ३१,५७५ डॉलर, एका गाडीत ५,०२५, घरसामानात प्रत्येक वस्तूला ८०० आणि एकूण १६,८५०, दागिन्यांत २,१२५, व्यवसायाच्या अवजारांत ३,१७५. शिवाय कशावरही लावता येणारी वाइल्डकार्ड सूट १,६७५ ची, आणि घराची सूट वापरली नसेल तर तिच्यातले आणखी १५,८०० पर्यंत. नवराबायकोने मिळून अर्ज केला तर दोघांना स्वतंत्र.

आपल्या घरांत दागिन्यांची २,१२५ ची रेघ दोन बांगड्यांत संपते. म्हणून भाड्याने राहणाऱ्या जोडप्याने वाइल्डकार्ड सोन्यावर लावायचं की भारतातल्या ठेवीवर, हे बसून ठरवावं. सोनं बायकोचं स्त्रीधन असेल आणि अर्ज नवऱ्याचा एकट्याचा असेल तर ते वकिलाला वेगळं सांगा. कॅलिफोर्निया, टेक्सास, वॉशिंग्टन, ॲरिझोना अशा राज्यांत लग्नानंतर कमावलेलं दोघांचं धरतात, त्यामुळे एकट्याच्या अर्जातही ते येऊ शकतं.

ही फेडरल यादी सगळ्यांना मिळत नाही. न्यू जर्सी आणि टेक्सासमध्ये फेडरल की राज्याची हे निवडता येतं. कॅलिफोर्नियात फेडरल नाही, राज्याच्याच दोन याद्यांतून एक. इलिनॉय, जॉर्जिया, फ्लोरिडात राज्याचीच.

> सावधान: गेल्या ७३० दिवसांत राज्य बदललं असेल तर नव्या राज्याची यादी बहुधा मिळत नाही, त्या दोन वर्षांच्या आधीच्या सहा महिन्यांत जिथे राहत होता तिथली लागू होते. टेक्सासमध्ये राहत्या घराला किमतीची मर्यादा नाही हे ऐकून तिकडे जाऊन मोठं घर घेणाऱ्यांसाठी आणखी एक अट आहे: घर त्या राज्यात घेऊन १,२१५ दिवस झाले नसतील तर सूट २,१४,००० डॉलरवर अडते.

आता भारतातल्या हिश्श्याचं गणित. समजा फ्लॅटमधला तुमचा वाटा ५०,००० डॉलरचा, इथे घर भाड्याचं, यादी फेडरल. पूर्ण वाइल्डकार्ड १७,४७५ लावलं. उरले ३२,५२५. चॅप्टर ७ मध्ये ट्रस्टी या रकमेच्या मागे लागेल. फ्लॅट विकायला लावेल किंवा तेवढे पैसे भरून घेऊन सोडेल. चॅप्टर १३ मध्ये नियम असा की बिनतारणी कर्ज देणाऱ्यांना किमान तेवढं मिळालं पाहिजे जेवढं ७ मध्ये मिळालं असतं. म्हणजे ३२,५२५ भागिले ६०, महिन्याला ५४२ डॉलर, वर ट्रस्टीचं कमिशन. फ्लॅट तुमचाच राहतो. हा हप्ता परवडतो का, एवढाच प्रश्न उरतो. मिळकत उघड केली की ती गेलीच, या भीतीने लपवणाऱ्यांनी हे गणित एकदा कागदावर करून बघावं.

## टप्पा ५: वकील आणि पहिला कोर्स

वकील फक्त दिवाळखोरीचं काम करणारा, तुमच्याच जिल्ह्यातल्या कोर्टात नेहमी उभा राहणारा बघा. इमिग्रेशनचा ओळखीचा वकील या कामाला चालत नाही. पहिल्या भेटीत त्याला विचारा: परदेशातली मालमत्ता असलेले अर्ज तुम्ही केलेत का, आणि आपल्या जिल्ह्यातले ट्रस्टी तिचं काय करतात? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा बघा.

स्वस्तात फॉर्म भरून देणारे मिळतात. त्यांना कायद्याचा सल्ला द्यायला बंदी आहे. कोणती सूट घ्यायची हेही ते सांगू शकत नाहीत. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांचं एक वेळ निभतं. भारतात मालमत्ता असेल तर हा मार्ग नको.

अर्जाआधीच्या १८० दिवसांत मान्यताप्राप्त संस्थेकडून क्रेडिट समुपदेशनाचा कोर्स करून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ऑनलाइन होतो, तास-दीड तासाचा. नवराबायको दोघं अर्जात असतील तर प्रमाणपत्रं दोन. कोर्स अर्ज केल्यावर करू म्हणणाऱ्यांचे अर्ज फेटाळले जातात.

## टप्पा ६: अर्ज दाखल करणं

अर्ज ज्या जिल्ह्यात गेल्या १८० दिवसांतला जास्तीत जास्त काळ राहिलात तिथल्या फेडरल दिवाळखोरी न्यायालयात. डिसेंबर २०२० पासून शुल्क चॅप्टर ७ ला ३३८ डॉलर, १३ ला ३१३. हप्त्यांनी भरता येतं. उत्पन्न फार कमी असेल तर ७ चं माफही होतं.

दाखल होताच ऑटोमॅटिक स्टे (वसुलीला आपोआप मिळणारी स्थगिती) लागतो. वसुलीचे फोन, दावे, पगारातली कपात, घराचा लिलाव, सगळं थांबतं. लिलावाच्या दिवशी अर्ज करायची वेळ आली तर तो लिलाव होण्याआधी दाखल झालेला हवा. नंतर दाखल केलेल्या अर्जाने गेलेलं घर सहसा परत येत नाही. पोटगीची वसुली आणि फौजदारी खटले थांबत नाहीत.

फॉर्मवरची सही खोट्या शपथेच्या शिक्षेखाली असते, म्हणून वकिलाने भरलेला प्रत्येक आकडा स्वतः वाचा. विशेषतः हे:

१. मालमत्तेची यादी: भारतातली प्रत्येक ओळ आली का?
२. सुटीची यादी: प्रत्येक वस्तूसमोर कलम लिहिलंय का? सूट मागितली नाही तर मिळत नाही.
३. कर्ज देणाऱ्यांची यादी: भारतातली बँक, मेव्हणा, भिशीत उचललेले पैसे, सगळे आले का? "मेव्हण्याचे मी नंतर देईन, त्याला यात नको" हे चालत नाही. नाव लिहायचंच, माफ झाल्यावर स्वखुशीने परत द्यायला कोणाची हरकत नाही.
४. व्यवहारांचं विवरण: भेटी, हस्तांतरणं, बंद केलेली खाती, दुसऱ्याची तुमच्याकडे ठेवलेली मालमत्ता.

> सावधान: घाईत अर्धवट अर्ज टाकला तर उरलेले फॉर्म १४ दिवसांत द्यावे लागतात. अर्ज बाद झाला आणि वर्षाच्या आत दुसरा केला, तर दुसऱ्या वेळी स्टे आपोआप फक्त ३० दिवसांचा मिळतो.

चॅप्टर १३ असेल तर योजना १४ दिवसांत आणि पहिला हप्ता अर्जापासून ३० दिवसांत. योजना मंजूर व्हायची वाट बघायची नसते. इथे बरेच जण पहिल्याच महिन्यात घसरतात.

## टप्पा ७: ३४१ ची बैठक

दिवाळखोरी कायद्याच्या कलम ३४१ खाली ट्रस्टी तुम्हाला प्रश्न विचारतो ती ही बैठक. हिला कोर्टाची सुनावणी समजून लोक घाबरतात. न्यायाधीश नसतो. ट्रस्टी असतो, बैठक आता बहुतेक झूमवर होते, आणि चॅप्टर ७ मध्ये पाच-दहा मिनिटांत संपते. अर्जानंतर २१ ते ४० दिवसांत तारीख येते. तिच्या सात दिवस आधी शेवटचं कर विवरणपत्र ट्रस्टीकडे पोचायला हवं. फोटो ओळखपत्र आणि सोशल सिक्युरिटी नंबरचा पुरावा लागतो. इंग्रजीत अडचण वाटत असेल तर वकिलामार्फत आधी कळवा, दुभाषाची सोय सरकारतर्फे मोफत होते.

प्रश्न ठरलेले असतात. अर्ज वाचून सही केलीत का? सगळी मालमत्ता, सगळी कर्जं आली का? काही दुरुस्ती आहे का? कोणाकडून काही येणं आहे का? गेल्या वर्षभरात नातेवाइकाला पैसे दिलेत का? आणि आपलं आडनाव बघून हमखास येणारा: अमेरिकेबाहेर काही मालमत्ता आहे का, किंवा वारसाहक्काने मिळू शकेल असं काही?

उत्तर छोटं आणि खरं. "वडील वारले, जमिनीत चार वारस, वाटणी झालेली नाही, यादीत लिहिलं आहे." इथे थांबा. गावाकडचं राजकारण सांगू नका. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा, अंदाज ठोकू नका. काही राहिलंय हे त्याच क्षणी आठवलं तर तिथेच सांगा. यादी दुरुस्त करता येते, आणि स्वतःहून सांगितलेल्या चुकीकडे ट्रस्टी वेगळ्या नजरेने बघतो.

## टप्पा ८: कर्जमाफीचा आदेश आणि त्यानंतरचे १८० दिवस

बैठकीनंतर दुसरा कोर्स करायचा, पैशाच्या व्यवस्थापनाचा. चॅप्टर ७ मध्ये बैठकीच्या पहिल्या ठरलेल्या तारखेपासून ६० दिवसांत त्याचं प्रमाणपत्र दाखल व्हायला हवं. तो राहिला तर प्रकरण कर्जमाफीशिवाय बंद होतं आणि पुन्हा उघडायला वेगळं शुल्क. सगळं नीट पार पाडून इथे अडकणारी माणसं आहेत.

गाडीच्या कर्जाची कंपनी नवा करार पुढे करेल. त्यावर सही केली की ते कर्ज पुन्हा तुमच्या अंगावर आलं. गाडीच्या किमतीपेक्षा कर्ज जास्त असेल तर सही करण्याआधी दोनदा विचार करा.

आता आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाची मुदत. अर्जाच्या तारखेपासून १८० दिवसांत कोणाच्या मृत्यूमुळे वारसा किंवा विम्याची रक्कम तुमच्या वाट्याला आली, तर तीही दिवाळखोरीच्या मालमत्तेत जाते. पैसे हातात नंतर आले तरी. मृत्यूची तारीख मोजली जाते. तेव्हा तिकडे आईवडील फार आजारी असतील तर वकिलाला अर्जाआधीच सांगा. विचित्र वाटतं, पण सांगा. आणि १८० दिवसांत तसं झालंच तर वकिलाला लगेच कळवा आणि दुःखाच्या धावपळीत भावाने पुढे केलेल्या हक्कसोडपत्रावर सही करू नका. चॅप्टर १३ मध्ये योजना चालू असताना, १८० दिवसांनंतर मिळालेला वारसाही अनेक कोर्टं मोजतात.

भारतातल्या बँकेचं कर्ज यादीत असलं तरी अमेरिकन आदेश भारतातल्या कोर्टात आपोआप चालत नाही. तिकडचा फ्लॅट तारण असेल तर बँक तिच्या हक्काने वसुली करू शकते. त्या हप्त्यांचं काय करायचं हे वेगळं ठरवा, आणि वडील जामीनदार असतील तर त्यांना आधी कल्पना द्या.

आदेशाची प्रत आणि पूर्ण अर्ज कायम जपून ठेवा. दोन-तीन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढून माफ झालेल्या प्रत्येक कर्जासमोर शिल्लक शून्य दिसते का बघा. नसेल तर आदेशाची प्रत जोडून ब्युरोकडे तक्रार करा. चॅप्टर ७ ची नोंद दहा वर्षांपर्यंत राहते, १३ ची साधारण सात. चॅप्टर ७ मध्ये माफी मिळाल्यावर पुन्हा ७ चा लाभ घ्यायला दोन अर्जांमध्ये आठ वर्षांचं अंतर लागतं. माफ झालेल्या कर्जासाठी कोणी फोन केलाच तर वाद घालू नका, प्रकरणाचा क्रमांक सांगा आणि वकिलाचा नंबर द्या.